आधी दाखला, मग लग्न?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात : पत्र लिहिणारी तरुणी २८ वर्षांची असून गेली चार वर्षे महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरात नोकरी करते, तिचे आई-वडील दुसऱ्या जिल्ह्यात राहतात. तिचे लग्न बौद्ध कुटुंबातील एका तरुणाशी ठरले आहे; ती स्वतः हिंदू आहे. दोन वर्षांच्या मिनतवाऱ्यांनंतर तिच्या घरून होकार मिळाला आणि डिसेंबरसाठी मंगल कार्यालयही ठरले. मध्येच त्याला परदेशात नोकरी लागली. सात आठवड्यांत त्याला निघायचे आहे आणि पत्नीचा व्हिसा सोबतच करायचा असेल तर विवाहाचा दाखला लागेल, असे कंपनीने कळवले आहे. शहरातील विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटिशीसाठी, म्हणजे लग्न करणार असल्याची आगाऊ सूचना देण्यासाठी, पहिली मोकळी वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळते आहे. एका एजंटाने आठ दिवसांत, मागील तारखेचा दाखला काढून देण्याची तयारी दाखवली आहे. तो तरुण गेले अडीच महिने गावी, आई-वडिलांकडे राहून घरूनच काम करतो आहे. 'डिसेंबरच्या आधी रजिस्टर केलेले आईला चालणार नाही, म्हणून तिला न सांगता कागदावर लग्न करून टाकावे आणि खरे लग्न डिसेंबरमध्ये करावे, असे आम्ही ठरवले आहे. हे लवकरात लवकर कसे होईल?' असे तिने विचारले आहे.

उत्तर :

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबलो : कागदावर लग्न आता आणि खरे लग्न डिसेंबरमध्ये. कार्यालयातील रांगेवर उपाय निघतो, आणि तो मी पुढे सांगणार आहे. पण त्याआधी या वाक्याकडे पाहायला हवे, कारण आपल्याकडच्या कायद्याला 'कागदावरचे' आणि 'खरे' अशी दोन लग्ने ठाऊक नाहीत. एकतर त्या दिवशी तुमचे लग्न झालेले असते किंवा झालेले नसते. झालेले असेल, तर डिसेंबरमध्ये होईल तो समारंभ. आणि झालेले नसेल, तर हातातला दाखला खोटा.

आता रांगेविषयी. 'कोर्ट मॅरेज' या शब्दाने बराच घोटाळा करून ठेवला आहे. न्यायालय कोणाचेही लग्न लावत नाही. महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या खिडक्या आहेत आणि पुष्कळ जोडपी चुकीच्या खिडकीपुढे उभी राहून तारखा संपल्याची तक्रार करतात. पहिली खिडकी विवाह अधिकाऱ्याची. तो नोंदणी व मुद्रांक विभागाचा अधिकारी असतो आणि विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली लग्न लावतो. म्हणजे लग्न त्याच्या समोरच घडते. दुसरी खिडकी स्थानिक संस्थेची, म्हणजे महापालिकेचे वॉर्ड ऑफिस, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. तिथे लग्न लागत नाही; आधी विधिवत झालेल्या लग्नाची नोंद राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. तुम्ही दोघे वेगळ्या धर्मांचे म्हणून पहिलीच खिडकी तुमची, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते गृहीतकच तपासू या.

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू होतो. हिंदू मुलगी आणि बौद्ध मुलगा यांचे लग्न या कायद्याखाली होऊ शकते आणि त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढ विधींनी ते लावता येते. सप्तपदी हा ज्यांच्या रूढीचा भाग आहे त्यांच्याबाबतीत सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. भंतेजी किंवा बौद्धाचार्य यांच्यासमोर त्रिशरण-पंचशील आणि प्रतिज्ञा घेऊन बौद्ध पद्धतीने लावलेल्या लग्नाला सप्तपदीची गरज नाही. या वाटेवर तीस दिवसांची नोटीस नाही. विधी प्रत्यक्ष झाला की लग्न झाले, आणि त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत नोंदणीसाठी अर्ज करायचा. वॉर्ड ऑफिसातही वेळ घ्यावी लागते, पण तिथला विलंब गर्दीचा असतो, मुदतीचा नसतो.

इथे एक गोष्ट तुमच्या होणाऱ्या पतीला विचारल्याशिवाय ठरवू नका. 'हिंदू विवाह' या नावाच्या कायद्याखाली आपले लग्न नोंदले जाणे अनेक बौद्ध कुटुंबांना मनापासून खटकते आणि त्यामागे इतिहास आहे. सोयीसाठी ते बाजूला ठेवायचे की नाही, हा निर्णय त्याचा आणि त्याच्या घरच्यांचा असावा. विशेष विवाह कायद्यावरच त्याचा भर असेल तर तो आग्रह मला समजतो. १८७२ च्या मूळ कायद्यात तर आपण हिंदू, मुस्लिम, बौद्ध यांपैकी कोणीच नाही असे जाहीर केल्याशिवाय लग्न करता येत नसे. १९५४ च्या कायद्याने ती अट काढली आणि कोणीही आपला धर्म न सोडता लग्न करू शकेल, अशी सोय केली. ही सोय फार कष्टाने मिळालेली आहे.

तर ही पहिली खिडकीच हवी असेल, तर आकडेमोड अशी. कलम ५ प्रमाणे नोटीस त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला द्यायची, जिथे दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या लगत आधी निदान तीस दिवस राहिलेला आहे. ती प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत वैध हरकत आली नाही तर लग्न लागू शकते, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत ते लागले नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. हे तीस दिवस कोणतीही ओळख, शिफारस किंवा जादा फी कमी करू शकत नाही. कायद्यानेच ठेवलेली मुदत आहे ती. शहरात पाच आठवड्यांनी नोटीस, त्यानंतर तीस दिवस, म्हणजे पासष्ट दिवस झाले. तुमच्याकडे एकोणपन्नास आहेत.

पण पत्रात तुम्ही जाता जाता लिहिले आहे की तो अडीच महिने गावी राहतो आहे. म्हणजे त्याच्या जिल्ह्यात नोटीस देण्याचा हक्क त्याला आजच आहे, तोही खराखुरा, कुठलाही भाडेकरार न रचता. त्या जिल्ह्याच्या कार्यालयात शहराएवढी गर्दी नसेल, अशी बरीच शक्यता आहे. नोटिशीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. या आठवड्यात नोटीस लागली तर एकतिसाव्या दिवसापासून पुढे तुमच्या हातात दोनेक आठवडे उरतात. नोटीस देतानाच लग्नाच्या तारखेविषयी विचारून घ्या, कारण नोटिशीची वेळ आणि लग्नाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरील ठिकाणी जादा फी घेऊन लग्न लावण्याची तरतूदही कलम १२ मध्ये आहे. ती सोय तिथे मिळते का, हे विचारायला संकोच करू नका.

इतकी सरळ वाट समोर असताना ती तुम्हाला दिसली कशी नाही, याचा मी विचार करीत होतो. मला वाटते, ती दिसली असावी आणि तुम्ही तिच्याकडे पाहिले नसावे, कारण नोटीस लपून राहत नाही. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते, आणि दोघांपैकी एकाचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन तिथेही लागते. म्हणजे कायमचा पत्ता म्हणून माहेरचा पत्ता दिलात, तर तुमचे नाव तुमच्या आईच्या जिल्ह्यातील फलकावर लागेल.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या नोंदणी विवाहाला मी साक्षीदार होतो. लाकडी बाकावर आमचा दीड तास गेला आणि समोरच्या काचेच्या फलकात टाचण्यांनी लावलेल्या नोटिसा मी एकेक करून वाचल्या : नाव, वय, व्यवसाय, पत्ता, कोपऱ्यात चिकटवलेले दोन फोटो. एका फोटोतील मुलीचा अर्धा चेहरा शिक्क्याखाली गेला होता. कामासाठी आलेली माणसे वेळ जात नाही म्हणून त्या वाचत होती, काही जण तर मोठ्याने. हा फलक मला कधीच आवडला नाही. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांना तो धोक्याचाही ठरू शकतो, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडावे असे म्हटले, ते खासगीपणाच्या हक्काच्या मुद्द्यावर. परंतु कायद्याचा मजकूर बदललेला नाही आणि महाराष्ट्रात तुम्ही नोटीस लागणारच असे धरून चाला. एक दिलासा मात्र आहे : हरकत फक्त कायद्याच्या अटींवर घेता येते. आधीचा जोडीदार हयात असणे, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणे, मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची नसणे, नाते निषिद्ध असणे, एवढ्याच त्या अटी. 'आम्हाला पसंत नाही' किंवा 'डिसेंबरच्या आधी नको' ही हरकत होत नाही.

आता एजंटाविषयी, कारण त्याचा प्रस्ताव तुम्हाला मोहात पाडतो आहे हे पत्रातून दिसते. तो देऊ करतो आहे तो एखाद्या संस्थेचा 'विवाह झाल्याचा' कागद, आणि त्याच्या आधारे काढलेली नोंद. नेमके असेच एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दोघेही प्रशिक्षित वैमानिक. समारंभ नंतर करायचा म्हणून त्यांनी २०२१ मध्ये एका संस्थेचे प्रमाणपत्र घेऊन नोंदणी करून ठेवली. समारंभाची तारीख पुढच्या वर्षाची. तो समारंभ होण्याआधीच बिनसले आणि प्रकरण घटस्फोटापर्यंत गेले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की विधीच झाला नसेल तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेलेच नाही, आणि नुसत्या नोंदणीने ते अस्तित्वात येत नाही. संस्थेचे प्रमाणपत्र आणि नोंदणीचा दाखला दोन्ही निरर्थक ठरले. व्हिसासारख्या व्यावहारिक गरजेपोटी आधी नोंदणी आणि नंतर लग्न करण्याची जी पद्धत पडत चालली आहे, तिचाही न्यायालयाने त्या निकालात उल्लेख करून नापसंती दर्शवली. तुमचा बेत मला त्या निकालाच्या पानावर लिहिलेला दिसतो.

मागील तारीख हा तर त्याहून गंभीर प्रकार आहे. व्हिसाच्या अर्जात मुलाखतीपासून फोटोंपर्यंत सगळीकडे लग्नाची तारीख विचारली जाते. तुम्ही दाखल्यावर जून लिहाल, आणि डिसेंबरमध्ये हळदीचे फोटो समाजमाध्यमांवर येतील. दूतावासाला खोटी माहिती दिल्याचा शिक्का एकदा बसला की तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. विशेष विवाह कायद्याखाली खोटे प्रतिज्ञापन करणे हा गुन्हा आहे, हे वेगळेच. आणि सही एजंटाची नसते, तुमची असते.

यावर तुम्ही म्हणाल की मग खरोखरच छोटासा विधी करून टाकतो, चार मित्रांसमोर, आईला न सांगता. कायद्याने ते चालेल. त्याचा अर्थ फक्त नीट समजून घ्या. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही विवाहित असाल. बँकेत, विम्यात, प्राप्तिकराच्या कागदांत, आणि उद्या दुर्दैवाने पटले नाही तर कुटुंब न्यायालयातही. दोन्ही कायद्यांत लग्नानंतर पहिले एक वर्ष घटस्फोटाचा अर्ज सहसा दाखलच करता येत नाही. मी तुम्हाला घाबरवत नाही. दोन वर्षे घरच्यांची समजूत घालणाऱ्या मुलीला आपण कोणाशी लग्न करतो आहोत हे ठाऊक असते. माझे म्हणणे एवढेच आहे की 'कागदावरच तर आहे' असे स्वतःला सांगून हे करू नका.

आणि घाई खरी आहे का, हेही एकदा पाहा. समजा पस्तिसाव्या दिवशी दाखला हातात आला. परदेशात तो चालण्यासाठी बहुतेक ठिकाणी त्याच्यावर आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणन, लागते; अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे, पण काही देशांत तेवढ्याने भागत नाही. त्यापुढे व्हिसाची वेळ घ्यायची, आणि तिथेही रांग आहेच. सात आठवड्यांत दोघांनी एकाच विमानात बसणे सर्वांत जलद वाटेनेही अवघड दिसते. म्हणून कंपनीला एक ईमेल लिहून तीन गोष्टी विचारा : जोडीदाराचा अर्ज नंतर, तो तिकडे पोचल्यावर करता येईल का, जोडीदाराच्या प्रवासाची आणि राहण्याची सोय किती महिने राखून ठेवता येते, आणि रुजू होण्याची तारीख पुढे जाऊ शकते का. उत्तर लेखी घ्या. 'दाखला लागेल' या शब्दांचा अर्थ 'आत्ताच लागेल' असा आपण परस्पर लावतो. पुष्कळदा तो 'तुम्ही अर्ज कराल तेव्हा लागेल' एवढाच असतो. तसे असेल तर तो पुढे जाईल, डिसेंबरमध्ये सुट्टी घेऊन येईल, लग्न होईल, त्याच आठवड्यात नोंदणीचा अर्ज जाईल आणि तुम्ही वसंतात निघाल. चार-पाच महिन्यांचा विरह वाईट असतो. तो असह्य आहे का, हे मात्र तुम्ही दोघांनीच ठरवायचे आहे, आणि असह्य असेल तर तेही पुरेसे कारण आहे.

माझे मत विचाराल तर कंपनीचे उत्तर येईपर्यंत थांबू नका. उद्याच त्याच्या जिल्ह्यात नोटीस द्या किंवा भंतेजींना तारीख विचारा, पण दोन्हीच्या आधी आईला फोन करा. डिसेंबरच्या आधी रजिस्टर केलेले तिला चालणार नाही, असे तुम्ही लिहिता. तिने हे कधी म्हटले? सात आठवड्यांची गोष्ट कळल्यावर म्हटले, की गेल्या वर्षी कधीतरी, 'पळून जाऊन रजिस्टर करू नकोस' अशा अर्थाने? आपल्याकडच्या आयांच्या मनात नोंदणी विवाह आणि पळून जाणे यांची गाठ पक्की बसलेली असते, आणि तिला नको असते ते बहुधा पळून जाणे. तिच्याशी बोलताना व्हिसापासून सुरुवात करू नका. 'लग्न आधी होणार आहे, तू असशील तेव्हाच होणार आहे, आणि डिसेंबरचा समारंभ रद्द होत नाही' या क्रमाने सांगा. पत्रिकेवर तेव्हा 'शुभविवाह' छापायचे की 'स्वागत समारंभ', यावर वाद होईल. होऊ द्या. फक्त सरकारी कागदावर लग्नाची तारीख सगळीकडे एकच असू द्या, आणि आडनाव बदलायचे असेल तर ते पहिल्या व्हिसानंतर बदला. तिकीट एका नावाचे आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, असा प्रसंग मी पाहिला आहे.

कागदपत्रांची यादी कार्यालयात मिळेलच. जिथे दिवस वाया जातो तेवढ्याच जागा सांगतो. जन्मतारखेच्या पुराव्यावर, आधारवर आणि पासपोर्टवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का, वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही असे तर नाही ना, हे आज रात्रीच पाहा. आधीचा घटस्फोट असेल तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. स्थानिक संस्थेच्या नोंदणी अर्जावर पती, पत्नी आणि तीन साक्षीदार यांच्याबरोबर विधी लावणाऱ्याचीही सही लागते. ती लग्नाच्या मांडवातच घेऊन ठेवा, कारण नंतर बौद्धाचार्य किंवा गुरुजी दुसऱ्या गावी लग्न लावत असतात.

असाच प्रश्न असलेल्या इतर वाचकांसाठी थोडे. दोघे मुस्लिम असतील तर निकाह, ख्रिस्ती असतील तर चर्चमधील विवाह, आणि मग नोंदणी, ही वाट आहेच. हिंदू आणि मुस्लिम अशा जोडप्यांना मात्र धर्म न बदलता लग्न करायचे असल्यास विशेष विवाह कायदाच जवळचा, आणि तीस दिवस धरूनच बेत आखावा लागतो. व्हिसासाठी धर्मांतराचा कागद करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो ऐकू नये. घरून जिवाला धोका असेल तर नोटीस देण्याआधी वकील आणि पोलीस दोघांशीही बोला : सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्हास्तरावर विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची व्यवस्था करण्याचे निर्देश राज्यांना दिलेले आहेत.

तुमच्याकडे परत येतो. विवाह अधिकाऱ्यासमोर फार काही म्हणायचे नसते. एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे एक वाक्य, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, मराठीतसुद्धा, आणि ते ऐकणारे तीन साक्षीदार. दोन साक्षीदार तुमच्या मित्रमंडळींतून सहज मिळतील. तिसरी सही आईची असावी, असे तिला विचारून पाहा. आणि ती हो म्हणाली, तर आधार कार्डाची झेरॉक्स नव्हे, मूळ कार्ड घेऊन यायला सांगा.